पाय मारतोय, पण पुढे जात नाही: फ्रीस्टाइल किकमधल्या या चुका टाळा

"आता आठ वेळा पन्नास मीटर, फक्त किक," असं मी म्हटलं की तलावावरचा उत्साह मावळतो. एकाला गॉगल नीट करायचा असतो, एकाला बाथरूमला जायचं असतं, बाकीचे किकबोर्डवर, म्हणजे हातात धरायच्या तरंगत्या फळीवर, रेलून गप्पा मारत निघतात. हीच मुलं स्ट्रोकचा सेट दिला की जीव तोडून पोहतात. मग शालेय स्पर्धेत १०० मीटरच्या शेवटच्या वीस मीटरला पाय बुडायला लागतात आणि पालक येऊन विचारतात, "सर, स्टॅमिना कमी पडतोय का? काय खायला देऊ?"

खाण्याचा प्रश्न फार क्वचित असतो. पाय बुडाले की कंबर बुडते, आणि मग हातांना पुढे ओढायचं सोडून तिरकं झालेलं शरीर फरफटत न्यावं लागतं. दहा ते चौदा वयाच्या मुलांमध्ये मी वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघतोय.

गुडघ्यातून मारलेली किक

आमच्याकडे तिला 'सायकल' म्हणतात. मूल गुडघा पोटाकडे ओढतं आणि पाय मागे झटकतं. फेस भरपूर उडतो, काठावरून बघणाऱ्याला वाटतं काय जोर आहे! पण गुडघा पोटाकडे आला की मांडी पाण्याच्या वाटेत भिंतीसारखी आडवी येते. हातांनी कमावलेला वेग ती भिंत खाऊन टाकते.

किक खुब्यातून निघते. आधी मांडी थोडी खाली जाते, तिच्यामागून गुडघा सैल वाकतो, मग पोटरी, आणि सगळ्यांत शेवटी पाऊल, आसूडाच्या टोकासारखं. दोन पावलांमधलं अंतर दीड वीत पुरे. टाच पाण्याच्या वर जेमतेम यावी. पाय वर नेतानाही काम करायचं असतं, ते बहुतेकांना माहीतच नसतं. खाली मारतात आणि वर नुसता तरंगू देतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. शाळेत धावण्यात पहिला, छाती भरलेली, दम उत्तम. किकबोर्ड दिला तर जागचा हलेना. मध्येच तर चक्क मागे सरकायचा. बाजूच्या लेनमधली मुलं हसली. तो काठाला धरून म्हणाला, "सर, मी मारतोय हो जोरात, पण बोर्ड मागे येतोय." डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तलावाचं नव्हतं.

मी तेव्हा चूक केली. त्याची किक गुडघ्यातून निघते हे दिसत होतं, म्हणून दोन आठवडे एकच सांगत राहिलो: "पाय ताठ ठेव." त्याने मनापासून ऐकलं. गुडघे आवळले, पावलं आवळली, आणि तलावाच्या दर दोन लांब्यांनंतर पोटरीत गोळे यायला लागले. मग एक दिवस स्ट्रेचिंगला सगळे पाय लांब करून बसले असताना माझं लक्ष त्याच्या पावलांकडे गेलं. बाकीच्यांचे चवडे पुढे झुकले होते, याची पावलं काटकोनात उभी. पुढे वाक म्हटलं तरी वाकेनात. धावणाऱ्या आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे घोटे असे घट्ट झालेले मी नंतर कितीतरी वेळा पाहिले. पाऊल असं आकड्यासारखं उभं राहिलं की ते पाणी मागे ढकलण्याऐवजी पुढे ढकलतं. मग पोहणारा मागे जाणारच. तो मुलगा खरंच सांगत होता.

त्याला मी वज्रासन दिलं. सकाळी एक मिनिट, रात्री एक मिनिट, हळूहळू पाच मिनिटांपर्यंत. सुरुवातीला घोट्याखाली टॉवेलची घडी. गुडघा दुखला तर लगेच थांबायचं. अभ्यास करताना पावलं गोल फिरवायची. पाण्यात एवढंच सांगितलं की चवडे किंचित आत वळव, अंगठे एकमेकांना घासून जाऊ देत, आणि पाऊल सैल सोड, भिजलेला मोजा घातल्यासारखं. पहिल्या दिवशी ५० मीटर किकला त्याला २ मिनिटं २० सेकंद लागले होते. चार महिन्यांनी १ मिनिट १५. या चार महिन्यांत त्याच्या मांड्यांचा एकही वेगळा व्यायाम घेतला नव्हता.

पालक ऑस्ट्रेलियाचा जलतरणपटू इयान थॉर्पचं उदाहरण देतात. सतरा नंबरचे बूट, सिडनी ऑलिंपिकला २००० साली ४०० मीटर ३:४०.५९ मध्ये, आमच्या मुलाचे पाय तेवढे कुठे? अहो, पावलाची लांबी आपल्या हातात नाही. घोट्याची लवचिकता आहे, आणि या वयात ती लवकर येते. हातात आहे ते आधी करू या.

फिन्स लावून वेग आला, असं समजणं

यावर मी रागावतो, आणि त्याला कारण आहे.

एक तेरा वर्षांची मुलगी, अतिशय कष्टाळू. एप्रिलमध्ये वडिलांनी लांब फिन्स, म्हणजे पावलांना लावायची रबरी पाती, आणून दिले. वेळ एकदम खाली आली, घरात आनंद झाला, मग ती फिन्स काढायलाच तयार होईना. वॉर्मअपला फिन्स, किकला फिन्स, मुख्य सेटलासुद्धा. मी दोनदा टोकलं. वडील म्हणाले, "सर, स्पर्धेपर्यंत राहू द्या, तिचा आत्मविश्वास वाढतोय." मी मान्य केलं. तिसऱ्यांदा ठामपणे नाही म्हणायला हवं होतं.

आमचा सराव २५ मीटरच्या टँकमध्ये. १०० मीटरची स्पर्धा पुण्यात बालेवाडीला, ५० मीटरच्या तलावात. तिथे दर २५ मीटरला भिंत येत नाही, टर्नला पाय ढकलून घेतलेली फुकटची विश्रांती मिळत नाही. पहिले ५० मीटर तिने ३२ सेकंदांत काढले. टर्न घेतला आणि पंधरा मीटरनंतर तिचे पाय थांबले. कंबर खाली गेली, डोकं वर आलं, दुसऱ्या ५० ला ३९ सेकंद. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पाय माझे नव्हतेच वाटत."

खरंच नव्हते. लांब फिन्सनी किक संथ होते. मोठं पातं हळू हलतं, आणि पायांना त्याच लयीची सवय लागते. उघड्या पावलांना त्याहून कितीतरी जलद हलावं लागतं, आणि तो सराव तिने अडीच महिने केलाच नव्हता. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या मोठ्या स्नायूंपैकी, ते थकले की प्राणवायू भरमसाट मागतात.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: फक्त आखूड फिन्स, दिवसाच्या एकूण पोहण्याचा पाचवा हिस्सा, आणि ते काढल्यावर लगेच उघड्या पायांनी चार वेळा २५ मीटर, पूर्ण जोरात. फिन्सनी पावलाला योग्य आकार कळतो, म्हणून मी ते वापरतो. तो आकार स्वतःच्या पावलात उतरवायचा असतो. घोट्याला वजनं बांधून पोहायचं खूळही मध्ये आलं होतं. वाढत्या वयाच्या मुलांच्या सांध्यांशी हा खेळ कृपा करून करू नका.

बाकीच्या, थोडक्यात

किकबोर्डवर डोकं वर काढून पोहायचं आणि मग कंबर बुडते म्हणून तक्रार करायची. बोर्ड खालून धरा, तोंड पाण्यात, श्वास घेताना तेवढं वर.

श्वास घेताना पाय कात्रीसारखे फाकतात. हा दोष बहुधा पायाचा नसतो. डोकं फार वर उचललं की तोल जातो आणि पाय तो सावरायला फाकतात. आधी मान दुरुस्त करा.

व्हिडिओत १५०० मीटरचे जलतरणपटू एका हाताला एकच किक मारताना दिसतात, म्हणून मुलं १०० मीटरलाही तसंच करतात. एका हाताला तीन, दोन हातांना सहा, हे आधी अंगात भिनू द्या. कमी करणं पुढे कधीही जमतं.

स्टार्ट आणि टर्ननंतर नियमाने १५ मीटरपर्यंत पाण्याखाली किक मारत राहता येतं, आणि आमची मुलं पाच मीटरला वर येतात.

मी काय करून घेतो

खोल बाजूला उभी किक. हात छातीवर, शरीर सरळ, तोंड पाण्याबाहेर, २० सेकंद मारायचं, ४० सेकंद काठ धरून थांबायचं, असं आठ वेळा. प्रशिक्षक काठावर असल्याशिवाय हे करायचं नाही. इथे फसवता येत नाही. सायकल मारणारा दहा सेकंदांत खाली जायला लागतो, आणि पाय दोन्ही दिशांना सारखं काम करतोय का ते लगेच कळतं. जमलं की हात पाण्याबाहेर.

आणि दर शनिवारी २०० मीटर किक, बोर्ड घेऊन, घड्याळ लावून. वेळ प्रत्येकाने स्वतःच्या वहीत स्वतः लिहायची. पहिले पाच-सहा शनिवार आकडा हलत नाही. याच काळात पालकांचे फोन येतात, मुलं दुसऱ्या क्लासची चौकशी करतात, कुणीतरी नवीन फिन्स घेऊन येतं. मी त्यांना त्या धावणाऱ्या मुलाच्या वहीचं पहिलं पान दाखवतो. सलग सात शनिवार जवळजवळ एकच वेळ लिहिलेली आहे, आठव्याला अकरा सेकंद कमी.