गुरुवारचे दोन तास कसे सोडवून घ्यायचे

माझा लेक 19 वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूमुळे हातापायांवर ताबा नाही. उचलून बसवायचं, भरवायचं, सगळं मी. दोन वर्षांपूर्वी त्यानं घास थुंकला आणि मी ताट भिंतीवर आपटलं. रात्री 14416 लावला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "एकट्या बाहेर कधी पडला होतात?" मला आठवेना.

तर आधी माणूस धरा. "जरा मदत कर गं" म्हणून कुणी येत नाही. मी धाकट्या जावेला सरळ म्हणाले, "गुरुवारी चार ते सहा तू बस." पहिले तीन गुरुवार मी स्वयंपाकघरातच होते. ती भरवताना मधे बोलायचं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं.

मग फ्रीजवर कागद लावा. माझ्या कागदावर असं आहे: पाठ सरळ, मान किंचित पुढे. वरण पातळ नको, ठसका लागतो. भात घट्ट कालवायचा. अर्धाच चमचा. गळ्याशी गिळल्याची हालचाल दिसली की मगच पुढचा. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. फिट आली तर कुशीवर वळवून घड्याळ बघ. तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

"आमच्याकडे तर चप्पल हुंगवतात," जाऊ म्हणाली. वाद घातला नाही. "कांदा-चप्पल नाही" एवढं लाल पेननं वाढवलं.

कागदपत्रं नवऱ्याकडे द्या. अठरानंतर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज असतो, निरामय या अपंगांच्या सरकारी आरोग्य विम्याचं (एक लाखापर्यंत) नूतनीकरण असतं. ते हेलपाटे आमचे हे घालतात. कुरकुरत, पण घालतात.

त्या दोन तासांत बाजार करू नका. मी एकदा सांगलीच्या गणपती पेठेत किराणा भरून आले, ती काय सुट्टी झाली? आता जवळच्या हरिपूरला जाते, वारणा कृष्णेला मिळते तिथं पायऱ्यांवर बसते. फोन चालू, पण पिशवीत.

पहिल्यांदा चाळीस मिनिटांतच घरी पळाले. दोघं क्रिकेट बघत होते. लेकानं माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. जरा लागलंच. पुढच्या गुरुवारी मात्र पावणेसहापर्यंत बसले.