हप्ता आला म्हणता, मग गेला कुठं? थेट अनुदान घेणाऱ्या घरांनी या चुका टाळा

पिशवीत पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात पासबुक. आमच्या आटपाडी भागातल्या बायका बँकेचं काम घेऊन येतात ते अशा. मी गावात बँक मित्र म्हणून बसते. अंगठा लावून पैसे काढून देणं, शिल्लक सांगणं हे माझं रोजचं काम. त्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न एकच: "ताई, बघा की, आलं का वं पैसं?"

एक अक्का अशा तीनदा आल्या. लाडकी बहीणचा फॉर्म मंजूर होता, शेजारणीला पैसे मिळत होते, यांच्या खात्यात मात्र ३१२ रुपये. दोनदा मी "नाही आले" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते तपासलं, तेव्हा कळलं की दोन वर्षांपूर्वी बचत गटाचं कर्ज घेताना दुसऱ्याच बँकेत उघडलेल्या खात्यात तीन हप्ते पडून होते. ४,५०० रुपये. त्या काळात त्या किराणा उधारीवर आणत होत्या. हे पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं, याची मला आजही रुखरुख आहे.

"आले नाहीत" म्हणण्याआधी आधार बघा

फॉर्मवर खाते क्रमांक लिहिला म्हणजे पैसे तिथेच येतात, हा मोठा गैरसमज आहे. हे अनुदान बहुतेक वेळा आधार क्रमांकावरून जातं. बँकांमधले पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यादीत एका आधारला एकाच वेळी एकच बँक जोडलेली असते, आणि जी शेवटी जोडली तिकडे पैसे जातात. कर्जासाठी, सिमकार्डाबरोबर, कुणाच्या आग्रहाखातर उघडलेलं एखादं खातं असं मध्ये घुसतं.

आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं, म्हणजे अनुदानासाठी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते. मोबाईल नंबर आधारला जोडलेला असला की ओटीपी टाकून दोन मिनिटांत कळतं. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत अर्ज द्या, पण तिथे नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आधार लावणं वेगळं आणि अनुदानासाठी सीडिंग करणं वेगळं. "डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या अनुदानासाठी) सीडिंग करा" असंच सांगा आणि अर्जाची पोच घ्या.

जुनं खातं दोन वर्षं वापरलं नसेल तर ते निष्क्रिय होतं. केवायसी देऊन पुन्हा चालू करून घ्या, त्यासाठी पैसे लागत नाहीत. किमान शिल्लक नाही म्हणून दर महिन्याला कपात होत असेल तर ते खातं मूलभूत बचत खात्यात बदलून मागा. जनधन खातं याच प्रकारचं असतं, त्याला किमान शिल्लक लागत नाही.

न आलेला हप्ता मोजणं

सगळ्यात जास्त घरं इथं अडकतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

एका घराचा हिशोब माझ्यासमोर झाला होता. दीड एकर कोरडवाहू, शाळू आणि मटकी, तीन शेळ्या. सासूबाईंना निराधारचे १,५००, सुनेला लाडकी बहीणचे १,५००. मुलाच्या नावावर जमीन, म्हणून पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००, म्हणजे महिन्याला १,००० पडले. एकूण ४,०००. "महिन्याला चार हजार पक्के" असं म्हणून त्यांनी जुनी मोटारसायकल हप्त्यावर घेतली. कामाला जायला गाडी लागते, त्यात चूक नव्हती. चूक त्या "पक्के" शब्दात होती.

किसानचे पैसे महिन्याला येत नाहीत. दर चार महिन्यांना २,००० येतात, तेही त्या चार महिन्यांत कधीही. लाडकी बहीणचं २०२४ मध्ये काय झालं आठवून बघा: जुलै-ऑगस्टचे ३,००० ऑगस्टमध्ये एकदम आले, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवाळीच्या आधीच एकत्र आले, आणि डिसेंबरचे महिनाअखेरीला. निराधारला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. सासूबाईंचा राहून गेला आणि पैसे थांबले. गाडीचा हप्ता मात्र पाच तारखेला दारात. दोन महिने ताणलं, आणि तिसऱ्या महिन्यात गाभण शेळी बाजारात नेली. दोन महिने थांबली असती तर करडं हातात आली असती. हप्तेवाल्याला त्याचं काय!

त्यामुळे माझं सांगणं एवढंच: खात्यात आल्याशिवाय पैसा मोजायचा नाही. अनुदानाच्या भरवशावर फायनान्सचा आठवड्याचा हप्ता, भिशी, दुकानाचा वायदा काहीही बांधायचं नाही. दोन हप्ते एकदम येतात तेव्हा सण असतो, हात सुटतो, हे कळतं मला. पण एक मागं ठेवण्याची संधी तेवढीच असते. एकदा एक हप्ता असा शिल्लक राहिला की पुढचा महिना मागच्या पैशावर चालतो आणि उशीर झाला तरी उधारीची पायरी चढावी लागत नाही. महिन्याच्या मजुरीत हे कधी जमत नाही, एकत्र आलेल्या पैशात जमतं.

गेलेल्या माणसाच्या नावावर पैसे घेत राहणं

वडील वारले, किसानचे पैसे येतच राहिले, मुलाने एटीएमने काढले. पुढे वसुली निघते. वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद आधी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाली असेल तर किसानचा लाभ मिळत नाही, पण वारसाने आलेल्या जमिनीला यातून सूट आहे. हे माहीत नसल्याने कितीतरी जण अर्जच करत नाहीत. वाट्याने जमीन कसणाऱ्याला मात्र यातलं काहीच मिळत नाही, आणि मला ही या योजनेतली खरी उणीव वाटते. आमच्याकडे सगळ्यात गरजू तोच असतो.

अंगठा लावताना गप्प बसणं

ऊसतोडीला, खुरपायला जाणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन दोनदा-तीनदा नाकारतं. ओल्या फडक्याने बोट पुसून, कोरडं करून पुन्हा लावा, नाहीतर दुसरं बोट लावा. पण प्रत्येक वेळी "काय झालं?" असं विचारा. अंगठा लागला म्हणजे व्यवहार झालेला असू शकतो. पावती मागा, शिल्लक मोठ्याने वाचून घ्या. मी सगळ्यांना वाचून दाखवते, कुणी न मागता.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची फाईल आली तर उघडू नका, ती मोबाईलमधून पैसे नेते. गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

पीक कर्ज थकलं म्हणून शाखेने अनुदानाच्या खात्यावर होल्ड लावला, तर काउंटरवर भांडण्यात दिवस घालवू नका. शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, नंबर १४४४८.

"बायकांच्या हातात पैसा दिला तर उडतो"

आणि "पुरुषाच्या हातात दिला तर दारूत जातो". पारावर दोन्ही बोलणी ऐकते. मध्य प्रदेशात २०११ पासून आठ गावांत 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने एक प्रयोग केला होता. मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, मुलाला १००, पुढे ३०० आणि १५०. कुठलीच अट नाही. जेवण सुधारलं, मुलं शाळेत जास्त गेली, दारूचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही, आणि बऱ्याच घरांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या. मला त्यात नवल वाटत नाही. आमच्या भागात हातात चार पैसे उरले की बाई शेळीचंच नाव काढते, कारण अडीनडीला तीच मोडता येते.

म्हणून घरच्यांनी पैसा कुठं गेला याची चौकशी करण्याआधी तो कुणाच्या फोनवर येतोय ते बघावं. मेसेज मुलाच्या मोबाईलवर आणि तो मुलगा कराडला कामाला. बाईला कळणार कसं? बँकेत तिचा स्वतःचा नंबर टाका.

त्या ४,५०० वाल्या अक्कांनी किराणा दुकानाचे १,८०० फेडले, नातवाला दप्तर घेतलं, २,००० खात्यात ठेवले. आता त्या दर महिन्याला येतात, मशीनवर बोट ठेवायच्या आधी विचारतात, "मागचं किती हाय, ते पहिलं सांगा."