तोंडातलं बदक हातात येईपर्यंत

माझी लॅब्रॅडॉर कुत्री काजू तेव्हा दोन वर्षांची होती. तळ्यात पडलेल्या बदकाकडे सरळ पोहत गेली, ते अलगद तोंडात धरून काठावर आली, माझ्यापासून तीन पावलांवर खाली ठेवलं, अंग झाडलं आणि पुन्हा पाण्यात उडी. बदक तिथेच. परीक्षकांनी हसू दाबलं, आम्ही नापास झालो.

मी मिनेसोटात राहते. इथे तळ्यांना तोटा नाही आणि लॅब्रॅडॉरना काम असतं. आम्ही जिला बसलो होतो ती अमेरिकन केनेल क्लबची ज्युनियर हंटर परीक्षा, म्हणजे शिकारीत पडलेला पक्षी आणून देण्याच्या कामाची (हंट टेस्ट) पहिली पायरी. फील्ड ट्रायल नावाच्या प्रकारात कुत्र्यांची एकमेकांशी स्पर्धा असते. हंट टेस्टमध्ये मात्र ठरलेल्या निकषांवर पास किंवा नापास. ज्युनियरला जमिनीवर दोन आणि पाण्यात दोन पक्षी, एका वेळी एकच, साधारण १०० यार्डांच्या आत. पक्षी हातात द्यायचा. चार वेळा पास झालं की किताब.

वस्तूमागे धावायचं लॅबला शिकवावं लागत नाही. शिकवायचं असतं थांबणं आणि परत येणं.

घरातल्या बोळापासून सुरुवात

दोन महिन्यांचं पिल्लू असलं तरी चालेल. घरातला अरुंद पॅसेज निवडा, खोल्यांची दारं लावून घ्या आणि मोज्याचा गोळा दहा फुटांवर टाका. पिल्लाला परतीचा एकच रस्ता उरतो, तो तुमच्याकडे. ते मोजा घेऊन आलं की झडप घालून ओढू नका. आधी पाठ थोपटा, मग काढून घ्या. तीन-चार वेळा झालं की बंद. पिल्लू ‘अजून, अजून’ करत असतानाच थांबायचं. बारा वेळा टाकलं तर तेराव्या वेळी ते बसून तुमच्याकडे बघतं आणि तिथून गाडी बिघडते. पिल्लू मोजा घेऊन पळालं तर मागे धावू नका, उलट्या दिशेने तुम्ही पळा.

बस, शिट्टी आणि नाव

एक लांब शिट्टी म्हणजे बस, लागोपाठ छोट्या शिट्ट्या म्हणजे ये. मराठी घरात ‘बस’ या शब्दाची पंचाईत होते, कारण ‘आता बस झालं’मध्येही तोच शब्द. म्हणून मी शिट्टीवर भर दिला. दुसरी पंचाईत नावाची. समोर पडलेली वस्तू आणायला कुत्र्याला त्याच्या नावानेच सोडतात. आमच्या आई इथे होत्या तेव्हा काजूला ‘काजूबाई’, ‘ठमे’, ‘सोन्या’ अशा सहा नावांनी हाक मारत. महिनाभर ती कशालाच दाद देईना. एक नाव ठरवा आणि घरच्यांना ताकीद द्या.

ज्युनियरमध्ये पट्ट्याला हलकेच धरून ठेवता येतं. तरीही हात न लावता बसायची सवय आताच लावा, पुढच्या पातळीवर ती लागतेच.

मैदानावर

डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायची वस्तू, पांढरी घ्या. कुत्र्याला लाल-नारिंगी रंग हिरव्या गवतात नीट उठून दिसत नाही. नारिंगी डमी आपल्या सोयीची, जिथे ती कुत्र्याला दिसू नये असंच वाटतं तिथली. वारा आडवा असेल अशी जागा घ्या, म्हणजे शेवटच्या दहा पावलांत नाक कामी येतं. फेकायला दुसरं माणूस लागतं. तुम्हीच फेकत राहिलात तर कुत्री मैदानाऐवजी तुमच्या हाताकडे बघायला शिकते.

बंदुकीच्या आवाजाची ओळख लांबूनच करून द्या: बार मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, तोही कुत्री डमीमागे धावत असताना. घाई केली तर आयुष्यभराची भीती बसते. परीक्षेत खरे पक्षी असतात, म्हणून आधी मेलेल्या बदकाची सवय लागते. भारतात वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, शिकारीला बंदी आहे. तिथे हौस भागवायची तर डमीवरच, आणि कुत्र्याची त्याबद्दल तक्रार नसते.

पाण्यात

पिल्लाला कधीही पाण्यात ढकलू नका. उतार हळूहळू खोल होत जाणारा हवा. माझा नियम सोपा आहे: जिथे मी गुडघाभर पाण्यात पाच मिनिटं उभी राहू शकत नाही, तिथे पिल्लू उतरत नाही. इथे त्यासाठी जूनपर्यंत थांबावं लागतं. आधी तुम्ही चालत जा, ते मागे येईल. पाय टेकतील एवढ्याच पाण्यात डमी टाका, मग एक-दोन हात पुढे. काही पिल्लं पुढचे पाय पाण्यावर बडवतात, शरीर उभं राहतं. तेव्हा पोटाखाली हात धरून मागचा भाग वर उचला, दोन-तीन दिवसांत अंग आडवं होतं.

अंग झाडण्याची खोड मात्र चिकट. ओल्या अंगाने काठावर आलं की कुत्र्याला झाडावंच लागतं, त्यासाठी तोंड मोकळं करतं. काजूला ओरडून काही उपयोग झाला नाही. मग मी पोटरीभर पाण्यात उभी राहू लागले आणि तिचे पाय टेकायच्या आतच डमी हातात घेऊ लागले. आठवड्याने एक पाऊल मागे, मग आणखी एक. काठापासून सहा पावलांवर पोचायला पूर्ण उन्हाळा गेला. त्यासोबत घरी कोरड्यात डमी तोंडात धरून बसायचा सराव रोज चालू होता.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

पोहताना पट्टा काढा, फांदीत अडकतो. सुरुवातीला लांब दोरी लावायचीच तर तरंगणारी घ्या आणि टोकाचा फास कापून टाका. प्रवाहात डमी कुत्र्याच्या वरच्या अंगाला टाका, म्हणजे ती वाहत त्याच्याकडे येते. काठी फेकू नका, टाळूत घुसते. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर गाडीतूनही उतरवू नका. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष काही तासांत मारू शकतं.

लॅबमध्ये जोराच्या व्यायामाने कोसळण्याचा एक आनुवंशिक आजार असतो. उत्साहात पाच-पंधरा मिनिटं धावल्यावर मागचे पाय लुळे पडतात. जमिनीवर झालं तर बहुतेकदा निभावतं, पाण्यात कुत्रं बुडतं. जनुकीय चाचणी होते. पिल्लू घेतानाच आईबापांचे अहवाल मागा.

पाणी पोटात जाणंही तितकंच वाईट. तोंड उघडं ठेवून पोहताना कुत्री बरंच पाणी सहज गिळते आणि रक्तातलं मीठ विरळ होतं. पोट फुगलं, उलटी झाली, झोकांड्या गेल्या तर तडक डॉक्टर गाठा. मोठ्या चेंडूऐवजी बारीक डमी घ्या, दर काही फेऱ्यांनी बाहेर बसवा.

आणि गावाकडच्यांसाठी: नगर जिल्ह्यात मामाच्या शेततळ्याला कागद टाकलेला आहे. त्या कागदावर कुत्र्याची नखं ठरत नाहीत, उत्तम पोहणारंही वर चढू शकत नाही. तिथे सराव नकोच. निदान गाठी मारलेला दोर किंवा जुन्या टायरांची माळ काठापासून पाण्यात सोडून ठेवा.

घरी आल्यावर कान कोरडे करा, नाहीतर दोन दिवसांत वास यायला लागतो. थंड पाण्यात खूप पोहल्यावर दुसऱ्या सकाळी शेपूट तुटल्यासारखी लोंबकळत असेल तर बहुधा स्नायू आखडलेले असतात. दुखतं, पण काही दिवसांच्या विश्रांतीने ती पुन्हा हलू लागते. काजूची चौथ्या दिवशी हलली, डब्याचं झाकण वाजल्यावर.