दोन शहरांमधलं हवाई अंतर घरच्या घरी कसं काढावं

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी लावून तो मिळत नाही. शाळेच्या भूगोलातलं बृहद्‌वृत्त, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणारं वर्तुळ, इथे खऱ्या अर्थाने कामाला येतं.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. संगणकावर गूगल मॅप्समध्ये त्या जागेवर राइट क्लिक केलं की ते दिसतात. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व.

अंतर हजारेक किलोमीटरच्या आत असेल तर पायथागोरस पुरतो. अक्षांशांतला फरक २ अंश, रेखांशांतला ६.१८. मात्र रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात, म्हणून रेखांशांतल्या फरकाला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने (इथे ०.९३९) गुणायचं. उत्तर ५.८०. आता दोन्ही फरकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: ६.१४ अंश. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूर सुमारे ६८३ किलोमीटर. मुंबईजवळच्या आमणे ते नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, तो किती सरळ नेलाय ते यावरून कळतं.

लंडनसाठी मात्र ही रीत वापरू नका. साडेतीनशे किलोमीटर जास्त येतात. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक रेखांश पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे दोन्हींची बेरीज करायची: ७३.३२. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना, ते आधी बघा. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. मग:

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.२५६.
दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि ७३.३२ चा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.१६९.
बेरीज ०.४२५. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) सुमारे ६४.९ अंश.

१११.२ ने गुणलं की साधारण ७,२०० किलोमीटर. उत्तर पडताळायला घरातला पृथ्वीगोल काढा आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, तेव्हा दोरा १७ सेंटिमीटर भरायला हवा. दोरा कुठून जातो तेही बघाच, कारण आकड्यात न दिसणारी गोष्ट इथे दिसते. लंडनहून तो जवळपास थेट पूर्वेला निघतो आणि पोलंड, युक्रेन, कॅस्पियन समुद्र, सिंध असं करत मुंबईला वळतो.

म्हणूनच विमान प्रत्यक्षात याहून जास्त उडतं. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. शिवाय लंडनला जाताना पश्चिमेकडून येणारे उंचावरचे वारे समोरून लागतात, त्यामुळे जायला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तेव्हा प्रवासाचा वेळ तिकिटावरूनच घ्या, या आकड्यावरून नको. युरोपीय संघाच्या नियमांत उड्डाण रद्द झाल्यावरची भरपाई मात्र बृहद्‌वृत्तावरच्या अंतरावरूनच ठरते. तिथे १,५०० आणि ३,५०० किलोमीटर हे टप्पे लक्षात ठेवा.