पावनखिंडीचा खेळ कसा जमला

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडायचो तेव्हापासून मनात होतं, पावनखिंडीचा पटावरचा खेळ करायचा. 13 जुलै 1660. मागच्या वर्षी 28 मिमीचे मावळे रेझिनमध्ये (प्लास्टिकसारखा पदार्थ) थ्रीडी प्रिंट केले. भाले हात लागताच मोडायचे. मुठीत बारीक ड्रिलने भोक पाडून पोलादी तार बसवली, ते काम मिटलं.

खरी अडचण नियमांत होती. सिद्दी मसूदची फौज मोठी, त्यामुळे चौथ्या फेरीतच बाजीप्रभूंची तुकडी संपायची. मी मावळ्यांना जादा गुण देत बसलो. तिथेच चुकत होतो, कारण ती लढाई जागेच्या बळावर लढली गेली. मग खिंड 8 सेंटिमीटर रुंद ठेवली. मावळ्यांच्या पायाखालच्या 25 मिमीच्या तीनच बैठका शेजारी मावतात. मागे कितीही सैन्य असो, ते खोळंबतं.

जिंकायची अटही बदलली. शत्रू संपवायचा नाही, विशाळगडावरची तोफ होईपर्यंत टिकायचं. सहाव्या फेरीपासून दर फेरीला फासा टाकायचा, 5 किंवा 6 पडला की तोफ.

पहिल्यांदा तोफ झाली तेव्हा खिंडीत दोनच मावळे उभे होते. पुतण्या ओरडला, "काका, महाराज पोचले!"