शोइंगमध्ये खोगीर, लगाम आणि पोशाख: या चुका टाळा

घोडा देखणा, चाल मोकळी, तरी निकालात नाव तळाला. ब्रिटनमधल्या शोइंगमध्ये, म्हणजे घोड्याची ठेवण, चाल आणि वागणूक जोखणाऱ्या स्पर्धांत, असं झालं की बोल परीक्षकाला लावला जातो. माझ्या मते आधी आपला वर्ग आणि आपलं सामान जुळतं का ते बघावं.

सगळ्यात जास्त घोळ कपाळपट्टीचा. हॅकला, म्हणजे नाजूक, डौलदार घोड्याला, रंगीत मखमली पट्टी शोभते; हॅक आणि हंटरच्या मधल्या बांध्याच्या रायडिंग हॉर्सलाही चालते. तीच हंटरला बांधली की डोळ्यांत खुपते. हंटर म्हणजे शिकारीमागे दिवसभर दौडणारा घोडा. त्याला साधं, रुंद चामडंच हवं. बुटक्या, भरदार कॉबलाही तेच. अयाळीचे नियमही असेच वेगवेगळे: हंटर आणि हॅकच्या वेण्या घालतात, कॉबची अयाळ पूर्ण भादरतात, आणि एक्समूर, फेल, हायलंड अशा ब्रिटनच्या मूळ जातींच्या तट्टांची मोकळी सोडतात. हायलंडच्या वेण्या घालण्यात सकाळ घालवणारे दरवर्षी दिसतात. मेहनत पाण्यात.

नवोदित वर्गात स्नॅफल (साधा बिट, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा भाग), खुल्या वर्गात डबल ब्रायडल (दोन बिटांचा लगाम) किंवा पेल्हम (दोन्हींचं काम करणारा एकच बिट), हे बहुतेकांना पाठ असतं. पण डबल ब्रायडल शोच्या तोंडावर पहिल्यांदा चढवतात आणि मग घोडा डोकं झटकतो, तोंड उघडतो, जीभ बिटवर काढतो. अशा वेळी आधी कर्बची, म्हणजे दोहोंपैकी दांडे असलेल्या बिटची, हनुवटीखालून जाणारी साखळी तपासा. आकड्यात अडकवण्यापूर्वी ती सगळ्या कड्या सपाट बसेपर्यंत पिळून घ्यावी. मग कर्बचा लगाम ओढून पाहा: बिटचे दांडे साधारण 45 अंश मागे आल्यावर साखळी हनुवटीखाली टेकली पाहिजे. त्याआधीच अडली तर घट्ट आहे, दांडे फार मागे गेले तर सैल. साखळी ठीक असूनही त्रास थांबला नाही तर दात तपासून घ्या. तोंड बंद ठेवायला फ्लॅश नोजबँड (तोंडाभोवती जादा पट्टा असलेली नाकपट्टी) आवळणं हा उपाय नव्हे. शोइंगमध्ये साधा कॅव्हेसनच (एकाच पट्ट्याची नाकपट्टी) अपेक्षित असतो.

हंटर, हॅक, कॉब आणि रायडिंग हॉर्सच्या वर्गांत परीक्षक स्वतः घोड्यावर बसतात, आणि नेमकं हेच विसरलं जातं. घोड्याचा खांदा दिसावा म्हणून सरळ कापाचं खोगीर घेतात ते योग्यच, पण ते फक्त आपल्या मापाचं असलं तर सहा फुटी परीक्षकाने बसायचं कुठे? रिकिबीचे पट्टे लांब करता येतील इतकी भोकं त्यांना हवीत. रिकीब अरुंद असेल तर मोठा बूट तिच्यात अडकतो, आणि ते धोक्याचं. खोगिराखाली पांढरं कापड टाकू नका; गरजच असेल तर खोगिराच्या आकाराचा, त्याच रंगाचा नमदा वापरा.

स्वाराच्या पोशाखाचं त्यामानाने सोपं आहे. हंटर, कॉब आणि मूळ जातींसाठी ट्वीडचा कोट, हॅकसाठी गडद निळा किंवा काळा. ब्रीचेस (स्वारीच्या तंग विजारी) बदामी किंवा फिकट पिवळ्या. पांढऱ्या ब्रीचेस ड्रेसाजसाठी (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींची स्पर्धा) ठेवा. हेल्मेट चालू सुरक्षा-मानकाचं, पट्टा बांधलेला.

लहान मुलांच्या लीड-रेन वर्गात तट्टू दोरीने धरून कुणी शेजारी चालतं; ती दोरी नोजबँडला बांधतात, बिटला नाही.

सगळ्या संस्थांचे नियम सारखे नसतात आणि ते बदलतातही. आपल्या वर्गाला कोणत्या संस्थेचे नियम लागू आहेत हे शोच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहा आणि प्रवेशिका भरण्याआधी त्याच संस्थेचं चालू वर्षाचं नियमपुस्तक उघडा.