पार्किन्सन्सचा डॉक्टर व्हायचंय? मग आधी बघायला शिका

एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग मेडिसिनमधे एमडी ३ वर्षं, मग नीट एसएस नाहीतर आयएनआय एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन न्यूरोलॉजीत, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांत, डीएम अजून ३, आणि त्यावर मूव्हमेंट डिसऑर्डरची (पार्किन्सन्ससारख्या, हालचाली बिघडवणाऱ्या आजारांची) फेलोशिप, रस्ता लांबचा आहे हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पण खरं काम नजरेचं. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात बघायचं, चालताना एक हात कमी हलतोय का, वळताना बारीक बारीक पावलं पडतायत का. मग अंगठा आणि तर्जनी पटापट टेकवायला सांगायचं, बोटं पूर्ण उघडून. पार्किन्सन्समधे नुसता वेग कमी नसतो, दर वेळी बोटांमधलं अंतर कमी कमी होत जातं, मधेच अडकतं पण. दोन्ही हात वेगवेगळे तपासा कारण आजार बहुतेक वेळा एका बाजूने सुरू होतो. आणि हात थरथरत नाही म्हणजे पार्किन्सन्स नाही असं कधीच समजू नका!

औषधाचं विचारताना गोळी कधी घेतली, अंग कधी मोकळं झालं, परत कधी आखडलं हे तासागणिक लिहून घ्या. जेवणाची वेळपण विचारा, काहींना प्रोटीनच्या जेवणासोबत लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, नीट लागू पडत नाही.

रिसर्च करायचाय तर प्रश्न पेशंटकडूनच घ्या. पुण्यात असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या (पेशंट आणि घरच्यांचा आधारगट) सभेला जाऊन बसा, बद्धकोष्ठता, झोप, उदासपणा, ओपीडीत घाईघाईत जे राहून जातं ते लोक तिथे मोकळेपणाने बोलतात.